दुबळा पेशवा कोणाला हवा होता?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं की परदेशी फौजांनी दुसऱ्याच्या देशात जाऊन आपल्या सोयीचा राज्यकर्ता गादीवर बसवायचा, याचा आणि आपल्या शहापूर-मुरबाडचा संबंध काय? हे तर काबूल-सायगावचं प्रकरण. रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर असं की हा खेळ काबूलमध्ये खेळला जाण्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी पुण्याच्या गादीवर खेळला गेला. त्याचा पट आपल्याच मुलखात मांडला होता. ठाण्याचा किल्ला, कल्याणची पेठ, मलंगगड, वसई, आपला माहुली या सगळ्यांची नावं त्या कागदपत्रांत आहेत. म्हणून आज आपण बाहेरून सुरुवात न करता घरातून सुरुवात करू.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. संशयाचं बोट चुलत्याकडे, म्हणजे रघुनाथरावाकडे, आपल्या बोलीत राघोबादादांकडे गेलं. 'धरावे'चं 'मारावे' झालं ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. तिच्यात आज शिरायचं कारण नाही. आपल्याला महत्त्वाचं पुढचं आहे. पुण्याच्या कारभाऱ्यांनी, ज्यांना आपण बारभाई म्हणतो त्यांनी, दादांना बाजूला सारलं. गादीचा हक्क सांगणारा, पण स्वतःच्या मुलखात पाठिंबा नसलेला असा एक माणूस मोकळा झाला. मुंबईकर इंग्रजांना नेमका असाच माणूस हवा होता.

इथे तारखा नीट लक्षात ठेवा. मुंबईच्या इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती, कितीतरी वर्षांपासून. डिसेंबर १७७४च्या अखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बळकावली. दादांशी सुरतेचा तह झाला तो ६ मार्च १७७५ला. म्हणजे जमीन आधी घेतली आणि ती दिली म्हणून सही करणारा माणूस नंतर उभा केला. 'आम्ही तुमच्या न्याय्य हक्कासाठी आलो' हे जे सांगितलं जातं ना, त्याची तपासणी करायला ही एक साधी रीत आहे. फौज आधी निघाली की हक्काची आठवण आधी झाली, हे पाहायचं.

सुरतेच्या तहात काय होतं? कंपनीने दादांना अडीच हजार फौज द्यायची. त्या फौजेचा खर्च दादांनी द्यायचा, महिना दीड लाख रुपये. तारण म्हणून सहा लाखांचं जडजवाहीर ठेवायचं. शिवाय साष्टी, वसई आणि भडोच-सुरतेच्या वसुलातला वाटा द्यायचा. आता हिशेब करा. ज्याच्या हातात राज्य नाही, तो हे पैसे आणणार कुठून? राज्य मिळाल्यावर, रयतेकडून. म्हणजे कर्ज दादांनी काढलं आणि ते फेडायचं होतं ते तुमच्या-आमच्या खापरपणजोबांनी.

पण त्या वेळी हा डाव जमला नाही. कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईकरांचा तह मोडीत काढला आणि १७७६मध्ये पुरंदरचा तह केला. मुंबईकर गप्प बसले नाहीत. दादांना पालखीत घालून १७७८च्या अखेरीस ते बोरघाट चढले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपले लोक 'इष्टुर फाकडा' म्हणत. जानेवारी १७७९मध्ये वडगावला इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. तोही त्यांनी नाकारला आणि लढाई पुन्हा पेटली, ती थेट आपल्या भागात.

१७८०मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतलं. मलंगगडाला वेढा घातला. डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली आणि त्याच सुमारास वज्रेश्वरीजवळ दुगाडला मोठी लढाई झाली. रामचंद्र गणेश कानडे तिथे पडले. या सगळ्या हालचालींत मुंबईकरांचा एक हेतू उघड होता. तिजोरी रिकामी होती आणि कोकणचा वसूल हवा होता. म्हणजे पेशव्याच्या गादीसाठी चाललेल्या लढाईचा खर्च कल्याण प्रांताच्या भातशेतीतून काढायचा होता. अखेर १७८२च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी दादांची बाजू सोडली. कल्याण, वसई परत दिली. साष्टी मात्र ठेवून घेतली. दादा पुढच्याच वर्षी कोपरगावी वारले. सात वर्षांच्या या लढाईत दादांना गादी मिळाली नाही, कंपनीला मात्र साष्टी मिळाली.

हा डाव तेव्हा का फसला? पुण्यात एक चालता कारभार होता म्हणून. नाना फडणवीस, महादजी शिंदे, हरिपंत फडके, तुकोजी होळकर यांची आपसांत कुरबुर होती, पण वेळेला ते एकत्र उभे राहिले. वसूल येत होता, फौजेला पगार मिळत होता. बाहेरच्याने आणलेला माणूस अशा ठिकाणी रुजत नाही. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याची दुसरी बाजू येणार आहे.

वीस वर्षांनी तीच सोंगटी पुन्हा पटावर आली, फक्त आता बापाच्या जागी मुलगा होता. महादजी १७९४ला गेले, नाना १८००ला गेले. दादांचा मुलगा दुसरा बाजीराव गादीवर होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आसऱ्याने वसईला आला. ३१ डिसेंबर १८०२ला वसईचा तह झाला. सहा हजार पायदळ आणि तोफखाना कायमचा पेशव्याच्या मुलखात राहील. त्याच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. परराज्यांशी बोलणी इंग्रजांना विचारल्याशिवाय करायची नाहीत. १३ मे १८०३ला इंग्रजी फौजेच्या पहाऱ्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला.

या तहातलं एक कलम शाळेच्या पुस्तकात येत नाही. ही फौज कशासाठी वापरायची याची त्यात यादी आहे. पेशव्याच्या जिवाची राखण, बंडखोरांना जरब आणि सरकारचं देणं अडवून धरणाऱ्या प्रजाजनांचा बंदोबस्त. किरकोळ कामाला फौज मिळणार नाही असंही पुढे लिहिलेलं आहे, हे खरं. पण अर्थ काय झाला, तो पाहा. पेशवा आणि रयत यांच्यात भांडण झालं, तर तोफा कोणाच्या बाजूला असतील हे कागदावर आधीच ठरलं.

त्याचा परिणाम वसुलात दिसतो. माधवरावांच्या आणि नानांच्या काळात मामलतदार नेमला जायचा, बराच काळ एका जागी राहायचा, त्याचे हिशेब तपासले जायचे. गाव मोडलं तर पुढच्या साली वसूल येणार नाही, हे त्याला कळत असे. बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने जाऊ लागल्या. एल्फिन्स्टन १८११पासून पुण्याचा रेसिडेंट होता. पेशवाई बुडाल्यावर त्याने जो अहवाल लिहिला, त्यात तो सांगतो की मामलतींचा जणू लिलाव होई; दरबारातल्या मंडळींना बोली चढवायला लावत आणि मागे सरणाऱ्यावर मर्जी खप्पा होई. मक्तेदार तो मक्ता पुढे पोटमक्त्याने विकायचा, आणि तो उतरत उतरत गावच्या पाटलापर्यंत यायचा. प्रत्येक पायरीवर नफा हवा. जकातही मक्त्यानेच जायची. नाणेघाट, माळशेज, थळघाट या वाटांनी मीठ आणि माल वर जायचा, बैलांचे तांडे चालायचे. नाके मक्त्याने गेले की नाक्यावरच्या माणसाची नजर कशावर असणार, हे सांगायला नको.

इथे कोणी म्हणेल की बाजीराव लोभी होता, यात इंग्रजांचा काय दोष? थोडं थांबा. लोभी राजे त्याआधीही झाले होते. पण लोभी राजाला आपल्याकडे लगाम होते. सरदार बिथरायचे, रयत गाव सोडून परागंदा व्हायची, घाटातले नाईक वाट बंद करायचे, भाऊबंद गादीवर हक्क सांगायचे. राजाला भीती असायची. कंपनीच्या फौजेने ती भीती काढून टाकली. हे आमचं मत नाही. टॉमस मन्रो हा कंपनीचाच अधिकारी. त्याने १८१७मध्ये गव्हर्नर जनरलला स्पष्ट लिहिलं की हिंदुस्थानात वाईट कारभारावर जे नेहमीचे इलाज असतात, म्हणजे दरबारातली उलथापालथ, बंड, नाहीतर परचक्र, ते सगळे आपल्या तैनाती फौजेने बंद होतात. बाहेरचा शत्रू नाही, घरच्या बंडाची धास्ती नाही, म्हणून राजा आळशी होतो आणि प्रजेच्या द्वेषाची त्याला पर्वा राहत नाही, म्हणून तो लोभी आणि क्रूर होतो. आजच्या व्याख्यानाचा गाभा मन्रोने दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे, आणि तोही विजयी बाजूला बसून.

आता त्रिंबकजी डेंगळ्यांकडे येऊ, कारण ही गोष्ट पुन्हा ठाण्याला येते. गायकवाडांकडे अहमदाबादच्या पेशवे-हिश्श्याचा इजारा होता. त्याची मुदत १८१४ला संपली आणि तो त्रिंबकजीला मिळाला. त्या आणि इतर देण्याघेण्याच्या बोलण्यांसाठी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले. जुलै १८१५मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. एल्फिन्स्टनने त्रिंबकजीला मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात गोऱ्यांच्या पहाऱ्यात ठेवलं. सप्टेंबर १८१६मध्ये तो तिथून निसटला. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठीत गाणी म्हणायचा, त्या गाण्यांतून निरोप आत जायचा आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना त्यातला शब्द कळत नव्हता, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण तिच्यामागचं प्रकरण कडू होतं. डेंगळे बाजीरावाचा लाडका, मक्त्यांचा कारभारी. तो इंग्रजांचा शत्रू झाला म्हणून रयतेचा मित्र होता असं होत नाही. आपल्याकडे ही गल्लत फार होते.

तसंच उलट बाजूने. खुशरूशेट मोदी रेसिडेन्सीत कामाला होते आणि त्याच वेळी पेशव्यांकडून कर्नाटकाची सरसुभेदारी सांभाळत होते. दोन्हीकडचा शिक्का एकाच माणसाच्या खिशात. एल्फिन्स्टनने त्यांना दोन्हींतलं एक सोडायला लावलं, पण तोवर हे कित्येक वर्षं चाललं होतं. फौज ठेवणारा स्वच्छ आणि राजा तेवढा भ्रष्ट, असं चित्र काढायचं असेल तर हे नाव पुसावं लागतं.

पुढचं आपल्याला माहीत आहे. त्रिंबकजीला पकडून द्या आणि तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड द्या, अशी मागणी आली. १३ जून १८१७च्या पुण्याच्या तहाने कोकणचा मुलूख कंपनीकडे गेला. आपला माहुली किल्लाही त्याच तहात गेला. ज्या माहुलीवर १६३६ साली शहाजीराजे शेवटपर्यंत झुंजले, तो या वेळी गोळी न झाडता कागदावर गेला. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. ३ जून १८१८ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला वर्षाला आठ लाखांची नेमणूक मिळाली आणि बिठूरला राहायला जागा.

इंग्रजांनी जाहीरनाम्यांत काय सांगितलं? पेशव्याचा कारभार वाईट होता, म्हणून आम्ही राज्य घेतलं. पंधरा वर्षं तो वाईट कारभार कोणाच्या संगिनींवर उभा होता, हे त्या जाहीरनाम्यात नाही. हीच या डावाची शेवटची चाल असते. दुबळा माणूस बसवायचा, त्याच्यावर खर्चाचं ओझं टाकायचं, त्याचा लगाम काढून घ्यायचा, आणि तो बिघडला की त्याच्या बिघडण्याचंच कारण पुढे करायचं.

बाजीरावाला पेन्शन मिळाली. घाटातल्या माणसाला काय मिळालं? सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांची कितीतरी घरं किल्ल्यांची शिबंदी आणि घाटांची राखण यांवर जगत होती. १८१८नंतर ती कामं गेली, नेमणुका तुटल्या. १८२८च्या सुमारास रामजी भांगरे उठले. पुढे त्यांचे चिरंजीव राघोजी भांगरे उठले, त्यांचा राग सावकारांवर होता आणि सावकारांना पाठीशी घालणाऱ्या सरकारवर होता. २ मे १८४८ रोजी राघोजींना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. हा तुरुंग म्हणजे तोच ठाण्याचा किल्ला. एका मक्तेदाराला कोंडण्यासाठी जो वापरला, तिथेच त्या मक्तेदारीनंतर उघड्यावर पडलेल्या माणसांचा पुढारी फासावर गेला. शहापूर-मुरबाडच्या वाड्या-पाड्यांत राघोजींचं नाव अजून घेतात, बाजीरावाचं कोणी घेत नाही.

आता थोडं बाहेर जाऊ. एल्फिन्स्टन पुण्याला येण्याआधी १८०९मध्ये पेशावरला अफगाण बादशहा शाह शुजा याला भेटला होता. शुजाची गादी लवकरच गेली आणि तो लुधियानाला कंपनीच्या आश्रयाने राहिला. १८३९मध्ये इंग्रजांनी त्याला फौजेनिशी काबूलच्या गादीवर बसवलं. फौजेचा सेनापती होता मुंबई लष्कराचा सर जॉन कीन. एल्फिन्स्टन तेव्हा विलायतेत होता. त्याने आधीच लिहिलं की काबूल तुम्ही घ्याल, शुजाला बसवालही, पण त्या गरीब, थंड, डोंगराळ देशात त्याला टिकवणं कठीण आहे. पुण्याचा अनुभव गाठीशी असलेला माणूस हे बोलत होता. कोणी ऐकलं नाही. जानेवारी १८४२मध्ये साडेचार हजार फौज आणि बारा हजार बाजारबुणगे काबूलहून निघाले, ते वाटेत जवळपास सगळे संपले. त्या फौजेचा सेनापती याच एल्फिन्स्टनचा चुलतभाऊ होता. एप्रिलमध्ये शुजाला काबूलकरांनी मारलं. आणि इतिहासकार के लिहितो की या युद्धाने कंपनीची तिजोरी आटली, तेव्हा बिठूरच्या बाजीरावाने पाच लाख रुपये कर्जाऊ दिले. एका बसवलेल्या राजाचा पैसा दुसऱ्या बसवलेल्या राजाच्या लढाईला लागला.

विसाव्या शतकात इंग्रजांच्या जागी अमेरिका आली. दक्षिण व्हिएतनाममध्ये न्गो दिन्ह दिएम याला अमेरिकेने उचलून धरलं, त्याच्या भावांचा कारभार पोसला, आणि तो डोईजड झाल्यावर नोव्हेंबर १९६३च्या लष्करी बंडाकडे कानाडोळा केला. त्यात तो मारला गेला. २००१नंतर पुन्हा काबूल. वीस वर्षं पैसा ओतला. काबूल बँकेतून नव्वद कोटी डॉलरच्या आसपास रक्कम ओळखीपाळखीच्या लोकांनी उचलली, ते २०१०मध्ये उघड झालं. फक्त पगारपत्रकावर असलेले, प्रत्यक्षात नसलेले सैनिक होते. अमेरिकेच्याच तपास अधिकाऱ्याने २०१६च्या अहवालात लिहिलं की आपल्या पैशाने आणि आपण हाताशी धरलेल्या बलदंडांनी हा भ्रष्टाचार वाढवला. १५ ऑगस्ट २०२१ला ते सरकार कोसळलं. पगारपत्रकावरचे ते सैनिक आणि बाजीरावाचे मक्तेदार यांच्यात फरक फक्त कागदाचा आहे. दोन्हीकडे वरच्याला खालून विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

शेवटी दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो. पहिली, बाजीराव बाहुलं होता असं म्हणून त्याला सोडता येत नाही. मामलतीचा लिलाव त्याने केला, खजिना त्याने साठवला, त्याला दुसरा मार्ग धरता आला असता. आणि त्याला एकट्याला खलनायक करून कंपनीलाही सोडता येत नाही. दोन सह्यांशिवाय तह होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त आपल्या जवळची आहे. राघोबादादा १७७५ला रुजले नाहीत आणि बाजीराव १८०३ला रुजला, यातला फरक इंग्रजांच्या ताकदीत कमी आणि आपल्या घरात जास्त आहे. एकदा कारभार चालू होता, हिशेब होत होते, भांडणारे लोक वेळेला एकत्र येत होते. दुसऱ्यांदा तसं काही उरलं नव्हतं. म्हणून हा विषय नुसता परराष्ट्र धोरणाचा नाही. आपल्या ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत, सत्तेवर बसलेला माणूस कोणाच्या जिवावर बसला आहे आणि त्याला हिशेब कोणाला द्यावा लागतो, हे विचारत राहणं हाच त्यावरचा जुना इलाज आहे. मन्रोने सांगितलेले लगाम कंपनीने तोडले होते. आज आपल्याकडे मत आहे, माहितीचा अधिकार आहे, ग्रामसभा आहे. ते वापरले नाहीत तर मात्र दोष बाहेरच्या कोणाला देता येणार नाही.

आता प्रश्न विचारा. माहुलीच्या शिबंदीतल्या घराण्यांबद्दल किंवा नाणेघाट-माळशेजच्या जकातीबद्दल कोणाच्या घरी मोडी कागद असतील, तर त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. हा इतिहास इंग्रजांच्या अहवालांतून बराच कळतो, पण रयतेच्या बाजूचा हिशेब त्या घरच्या कागदांतच सापडेल.